घरगुती रिचार्जेबल सायकल दिवा: उजेड टिकत नाही, खड्ड्यात विझतो

चाकजोडी

नमस्कार मंडळी. सायकलच्या पुढच्या दिव्याची सध्याची जुळणी अशी आहे. जुन्या लॅपटॉप बॅटरीतला एक १८६५० मापाचा लिथियम सेल (वर क्षमता २२०० एमएएच लिहिलंय), टीपी४०५६ चिपचं चार्जिंग मॉड्यूल, २० मिमीच्या गोल स्टारवर (एलईडीच्या धातूच्या पाटीवर) बसवलेला ३ वॅटचा पांढरा एलईडी, त्याच्याशी सिरीजमध्ये १ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणि एक टॉगल स्विच. सेल स्प्रिंगवाल्या होल्डरमध्ये आहे. सगळं पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घातलंय, आणि एलईडी ग्लूगनने पुढच्या टोपणाला चिकटवलाय.

अडचणी तीन. सुरुवातीला उजेड झकास पडतो, पण २० मिनिटांत निम्म्यावर येतो. रेझिस्टरचे रंगपट्टे करपून तपकिरी झालेत. आणि खड्ड्यातून गेलं की दिवा क्षणभर विझून परत लागतो. दोन तास एकसारखा उजेड हवा असेल तर काय बदलू?

तारेवरचा

तुमचे भाग चुकीचे नाहीत, दोन जागी जोडणी चुकली आहे. आधी करंट बघू.

भरलेला सेल ४.२ व्होल्ट, एलईडीवर पडतात साधारण ३.२. उरलेला १ व्होल्ट १ ओहमवर, म्हणजे करंट १ अँपिअर आणि रेझिस्टरमध्ये १ वॅट उष्णता. पाव वॅटचा रेझिस्टर करपणारच. पुढे सेल ३.७ वर आला की एलईडी ३.० घेतो, उरतो ०.७, करंट ०.७ अँपिअर. सेल ३.४ वर आला की जेमतेम ०.५. म्हणजे सेलमध्ये चार्ज शिल्लक असतानाच उजेड निम्मा होतो. मोठ्या वॅटचा रेझिस्टर टाकला तर तो करपणार नाही एवढंच, उजेड तसाच उतरत जाईल.

इथे एएमसी७१३५ घाला. तीन पायांची चिप आहे, एक चिप ३५० मिलिअँपिअरवर करंट धरून ठेवते. दोन चिपा पॅरलल जोडल्या की ७०० मिलिअँपिअर. सायकलला तेवढा पुरतो, आणि ३ वॅटच्या एलईडीला झेपतो. जोडणी:

बॅटरीचा प्लस (मॉड्यूलचा आउट प्लस, स्विचमधून) थेट एलईडीच्या प्लसला. त्याच प्लसवरून चिपच्या व्हीडीडी (पुरवठ्याच्या) पायाला. एलईडीचा मायनस चिपच्या आउट पायाला. चिपचा ग्राउंड, म्हणजे मधला पाय आणि त्याला जोडलेली मागची पट्टी, मॉड्यूलच्या आउट मायनसला. रेझिस्टर काढून टाका.

चिप चालायला तिच्यावर ०.१ ते ०.१५ व्होल्ट पडले तरी पुरतात, म्हणून सेल ३.२ च्या आसपास येईपर्यंत उजेड हलत नाही. त्यानंतर हळूहळू उतरतो. घरी परतायला तेवढा इशारा पुरेसा होतो, एकदम अंधार होत नाही. सेल भरलेला असताना प्रत्येक चिप ०.४ वॅटच्या आसपास तापते. मागची पट्टी तांब्याच्या थोड्या रुंद पट्ट्यावर सोल्डर केली की तेवढं सहज निघून जातं.

आता उष्णता. ग्लूगनचा गोंद उष्णता अडवतो आणि पीव्हीसीही अडवतं. ७०० मिलिअँपिअरला एलईडी २ वॅट खातो, त्यातला निम्म्याहून अधिक भाग उष्णता होतो, आणि तुमच्याकडे तो बाहेर जायला वाटच नाही. तापलेला एलईडी कमी उजेड देतो. २० मिनिटांत निम्म्यावर येण्यात याचा मोठा वाटा आहे. त्यातच गोंद मऊ होऊन स्टार वाकडा होतो, मग झोत भलतीकडे जातो. स्टारखाली २ ते ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा द्या, मध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर, आणि दोन ३ मिमीचे स्क्रू. ॲल्युमिनियमची निदान एक बाजू डब्याबाहेर वाऱ्यावर हवी. पेस्ट जास्त झाली तर तीच उष्णता अडवते. स्टार दाबल्यावर कडेने केसाएवढी रेघ बाहेर आली की प्रमाण बरोबर.

स्क्रूचं डोकं स्टारवरच्या सोल्डर पॅडला टेकत नाही ना, ते मल्टिमीटरच्या बीपरने तपासा. पॅड आणि ॲल्युमिनियम यांच्यात बीप आला की कुठेतरी शॉर्ट आहे. स्टारला तारा सोल्डर करायच्या त्या स्क्रू लावण्याआधी. ॲल्युमिनियमवर बसवल्यावर तो सगळी उष्णता ओढून घेतो, २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री तिथे हरते.

हबगिअर

वरचं सगळं बरोबर. खड्ड्यात विझण्याचं कारण मात्र वेगळं, ते स्प्रिंगचं होल्डर आहे. सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. सायकल आपटली की तो स्प्रिंग दाबतो आणि प्लसचं टोक क्षणभर सुटतं. होल्डर आडवं बसवलं तर थोडं कमी होईल, पण जाणार नाही.

यावर इलाज एकच: निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेला (विजेच्या झटक्याने ठिपक्यांत जोडलेला) सेल. असा पट्ट्या लावलेला सेल तयार मिळतो. सेलवर थेट सोल्डर करू नका. इस्त्रीची उष्णता आतल्या सीलला आणि सेपरेटरला लागते, बाहेरून काही दिसत नाही आणि सेल आतून खराब होतो. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: सेलचा अख्खा पत्र्याचा डबा मायनस असतो, प्लसच्या टोकाच्या कडेपर्यंत. प्लसची पट्टी कडेवरून खाली वळवली आणि आवरण तिथे घासलं गेलं की सरळ शॉर्ट. प्लसच्या टोकावर आधी इन्सुलेशन कागदाचं वॉशर, मग पट्टी, मग अख्ख्या सेलवर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

तार सिलिकॉन आवरणाची, बारीक धाग्यांची घ्या, २२ गेज. सोल्डर तारेत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे तार कडक होते. कंपनाने ती नेमकी त्याच जागी तुटते. प्रत्येक जोडावर हीटश्रिंक चढवा, ते जोडाच्या पुढे निदान १ सेंमी मऊ तारेवर आलं पाहिजे. मॉड्यूल आणि सेल फोममध्ये गच्च बसवा. डबा कानाशी धरून हलवा: खुळखुळ ऐकू आली तर काम अजून अपुरं आहे.

स्विचचाही विचार करा. स्वस्त टॉगलचे कॉन्टॅक्ट आपटल्यावर उडतात. रबरी टोपीचा, निदान २ अँपिअर डीसीचा घ्या.

वॉटतास

सेलवर लिहिलेले २२०० धरून हिशेब करू नका, लॅपटॉपमधून निघालेला आहे. आधी तपासा. पूर्ण चार्ज करा, आठवडाभर ठेवा. व्होल्टेज ४.१ च्या खाली गेलं तर सेलमधला चार्ज आपोआप गळतोय, बाद. मग ७०० मिलिअँपिअरचा भार लावून लगेच व्होल्टेज बघा. चांगल्या सेलचं ते ०.१ व्होल्टच्या आतच उतरतं. ०.३ किंवा अधिक उतरलं तर आतला रोध वाढलाय, तो दिव्याला नको. काढला तेव्हाच २ व्होल्टच्या खाली असलेला सेल चार्ज करून जिवंत करायच्या फंदात पडू नका. आत तांबं विरघळून परत जमलेलं असू शकतं, आणि शॉर्ट होतो तो चार्जिंगला लावल्यावर.

वेळेचा हिशेब: नवा ३००० एमएएचचा सेल ७०० ला कागदावर ४ तास १५ मिनिटं, प्रत्यक्षात पूर्ण उजेड साडेतीन तास धरा. तुमच्या सेलमध्ये खरोखर १५०० उरले असतील तर दोन तास जेमतेम.

चाकजोडी

सगळ्यांचे आभार. नवा पट्ट्यावाला सेल आणि दोन ७१३५ लावून टेबलावर जोडणी केली, पण एलईडी लागतच नाही. सेलवर ३.६ व्होल्ट दिसतात, मॉड्यूलच्या आउट प्लस आणि आउट मायनसवर शून्य. मॉड्यूल गेलं का?

तारेवरचा

गेलं नाही. मॉड्यूलवरची सेल जपणारी संरक्षणाची चिप (डीडब्ल्यू०१) झोपलेली आहे. सेल पहिल्यांदा जोडला की डीडब्ल्यू०१ बऱ्याचदा बंद अवस्थेतच राहते. चार्जर काही सेकंद लावा, ती जागी होते आणि आउटवर सेलचं व्होल्टेज येतं. शॉर्ट होऊन तिने तोडलं असेल तरीही हेच लक्षण दिसतं, म्हणून चार्जर लावण्याआधी आउटच्या दोन टोकांत शॉर्ट नाही हे बघून घ्या.

सेलच्या तारा मॉड्यूलच्या बी प्लस, बी मायनसलाच (बी म्हणजे बॅटरी), आणि भार आउटलाच. भार चुकून बी वर जोडला तर दिवा लागतो, पण सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला तरी संरक्षणाची चिप तो तोडत नाही.

चार्जिंगबद्दलही सांगतो. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर १ अँपिअर ठरवतो. सूत्र सोपं: १२०० भागिले ओहम. चार्जिंगची टीपी४०५६ चिप लिनिअर आहे, म्हणजे ५ व्होल्ट आणि सेल यातला फरक उष्णतेत जातो. सेल ३.५ वर असताना दीड वॅट. बंद डब्यात ती चटका बसेल इतकी तापते आणि स्वतःच करंट कमी करते. तो रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, ६०० मिलिअँपिअर होतील. ३००० एमएएचला सहा तासांच्या आसपास लागतील, रात्रभरात आरामात होतं. चार्ज होताना दिवा चालू ठेवू नका. चार्जिंगच्या चिपला करंट कमी झालेला दिसत नाही, त्यामुळे ती चार्जिंग संपवत नाही.

टाइप सी सॉकेटचं मॉड्यूल असेल आणि दोन्ही टोकं सी असलेल्या केबलने चार्जच होत नसेल, तर बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर दिलेले नाहीत. ए ते सी केबल वापरा, चालेल.

हबगिअर

टेबलावर लागला की डबा बंद करण्याआधी अर्धा तास चालू ठेवा आणि एलईडीच्या मागच्या ॲल्युमिनियमला बोट लावा. गरम असावं, पण बोट ठेवता आलं पाहिजे.

पाण्यासाठी: चार्जिंगचं सॉकेट डब्याच्या खालच्या बाजूला, रबरी बुचासह. तारा बाहेर येत असतील तर पीजी७ ग्लँड (तार आवळून पाणी अडवणारी बूच), आणि तार आत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथूनच गळतो. सीलंट लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याचं आम्ल तांबं खातं, काही आठवड्यांत जोड हिरवे पडतात. न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

तिरपाझोत

एक गोष्ट कुणी बोललंच नाही, भिंग. नुसता एलईडी १२० अंशांत उजेड उधळतो, त्यातला अर्धा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात आणि झाडांवर जातो. २०० लुमेन नीट रस्त्यावर टाकले तर ते विखुरलेल्या ५०० पेक्षा जास्त उपयोगी. २० मिमीचं, १० बाय ४० अंशांचं लंबगोल टीआयआर भिंग (उजेड गोळा करून पुढे टाकणारं) बसवा, रुंद झोत आडवा ठेवून. उभा बसला तर एक टोक चाकाखाली आणि दुसरं आभाळात. भिंगावर रेघा असतात, पण त्या कोणत्या दिशेने पसरवतात ते डोळ्यांनी सांगता येत नाही, भिंतीवर टाकूनच बघा. भिंगाचं होल्डर तुमच्या एलईडीच्या मापाचंच हवं. भिंग १ मिमी वर राहिलं तरी झोताच्या मध्ये काळी खळी दिसते.

लावणं असं: भिंतीपासून ५ मीटरवर सायकल सरळ उभी करा, तुम्ही सीटवर बसलेले. दिवा जमिनीपासून १ मीटरवर असेल तर झोताचा मध्य भिंतीवर अर्ध्या मीटरवर पडला पाहिजे. मग रस्त्यावर तो १० मीटरवर टेकतो. भिंगाच्या वर २ सेंमीची काळी पट्टी टोपीसारखी पुढे काढा, वर जाणारा फिका उजेडही कापला जातो. एकदा जागा जमली की हँडलवर क्लॅम्पच्या दोन्ही कडांना टेपची खूण करा, आणि क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर दोन दिवसांत दिवा खाली मान घालतो.

चाकजोडी

चार्जर लावताच मॉड्यूल जागं झालं. मीटर करंट ६९० मिलिअँपिअर दाखवतंय, सेल ४.१५ असतानाही आणि ३.५ वर आल्यावरही तोच. आता ॲल्युमिनियम कापायला घेतो. लंबगोल भिंगाचं होल्डर स्टारवर बसवताना त्याची खालची कड प्लसच्या सोल्डरला टेकते. तिथे होल्डर घासू की तार बाजूला घेऊ?

तिरपाझोत

तार बाजूला घ्या. जोड पॅडच्या बाहेरच्या टोकाला, शक्य तितका चपटा करा. तरीही टेकला तर होल्डरला फक्त त्या जागी त्रिकोणी कानशीने खाच पाडा. सगळी कड घासली तर उंची बदलते, आणि मग ती काळी खळी आलीच.