पॉवरलूमच्या शेडमध्ये रेंज नाही, वेब ॲप ऑफलाइन करायचंय. कॅश लावला तरी नोंदी गायब होतायत

जुळे_सोलापूरवाला:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याला छोटं वेब ॲप करून देतोय. काम तसं साधं आहे, पाळी संपताना जॉबर (मागांवर लक्ष ठेवणारा) एकेका मागापाशी जातो, कामगाराचं नाव निवडतो, नग किती निघाले, डॅमेज किती, माग बंद राहिला असेल तर कशामुळं, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपला का सूत तुटत होतं का लाइट गेली, एवढं टाकतो आणि आठवड्याला दिवाणजी त्यावरनं मजुरी काढतात. आत्तापर्यंत सगळं वहीत चालायचं.

अडचण अशी की शेड पत्र्याचं, आत मोबाईलला रेंजच नाही. ऑफिसातलं वायफाय कसंबसं शेडच्या दारापर्यंत येतं, आत मागांच्या दोन रांगा ओलांडल्या की संपलं. आवाज एवढा की ऑफिसात फोन लावून विचारतो म्हणलं तरी काही ऐकू येत नाही.

म्हणून सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पानामागं चालणारी, पानाच्या रिक्वेस्ट मध्येच पकडणारी जेएस फाइल) लावला. एचटीएमएल, सीएसएस, जेएस सगळं इन्स्टॉलच्या वेळी कॅशमध्ये (ब्राउझरमधल्या तात्पुरत्या साठ्यात) भरलं, फेच इव्हेंटमध्ये (पान काही मागतं तेव्हा) आधी कॅश बघायचं, नसेल तर नेटवर्क. पान ऑफलाइन झकास उघडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सेव्ह दाबलं की पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरला डेटा पाठवणारी) फेल होते आणि नोंद हवेत जाते. ती पण कॅशमध्ये ठेवून नंतर पाठवावी म्हणलं तर कॅश डॉट पुट सरळ एरर फेकतंय. मग फेल झालं की परत पाठव असं लिहिलं तर दाराजवळ आल्यावर कधीकधी एकच नोंद दोनदा जाते, म्हणजे मजुरी डबल, आणि मग मालक माझ्याकडं बघतात. वर अजून एक, सर्व्हरवर नवीन व्हर्जन टाकलं तरी जॉबरच्या मोबाईलवर जुनंच दिसतं, कितीही रिफ्रेश मारा.

फोन सगळे अँड्रॉइड आहेत, फक्त मालकांच्या पोराकडं आयफोन. नेटिव्ह ॲप कर असं कृपया सांगू नका, तेवढं बजेट नाही.


पेन्शनर_पार्क_चौक:

शेडमध्ये दोन वायफायचे डबे जास्तीचे लावा की मालक, एवढा उपद्व्याप कशाला. नाहीतर वही काय वाईट होती?


बॅकएंड_बार्शी:

@पेन्शनर काका, डबे लावून भागत नाही. लाइट गेली की माग बंद पडतात, जॉबरला नोंदी टाकायला निवांत वेळ नेमका तेव्हाच मिळतो आणि राउटर पण नेमका तेव्हाच बंद. इन्व्हर्टर लावा म्हणाल तर ते परत मालकांच्या खिशातनं. त्यामुळं ऑफलाइन पाहिजेच.

आता मूळ प्रश्न. तू दोन वेगळी कामं एकाच डब्यात कोंबायलायस बघ. कॅश हा पान उघडण्यासाठी आहे, नोंदी ठेवायची ती जागाच नाही. कॅश एपीआय फक्त गेट रिक्वेस्ट (सर्व्हरकडनं काही मागणारी) घेतो, पोस्ट दिलं की टाइपएरर, ते तसंच ठरवून केलेलं आहे, तुझ्या कोडचा त्यात दोष नाही. आणि कॅशची मूळ कल्पनाच अशी की उडाला तर परत सर्व्हरवरनं आणता येईल. जॉबरनं टाकलेली नोंद सर्व्हरवर अजून पोचलेलीच नाही, ती उडाली तर आणणार कुठनं?

नोंदींसाठी इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधलाच डेटाबेस, वापर. लोकलस्टोरेजच्या नादी लागू नको, त्याची जागा साधारण ५ एमबी, लिहिताना पान अडवून धरतं आणि मुख्य म्हणजे सर्व्हिस वर्करमधनं त्याला हातच लावता येत नाही. सेव्ह दाबलं की रेंज असो नसो, नोंद आधी इंडेक्स्डडीबीतच जाऊ दे, तिथं नीट लिहून झाली की मगच जॉबरला हिरवी खूण दाखव, पाठवायचं काम मागून वेगळं चालू दे. रेंज असेल तर थेट सर्व्हर आणि नसेल तर डीबी असे दोन रस्ते ठेवू नको, कारण ऑफलाइनचा रस्ता तू ऑफिसात बसून कधी तपासणार नाहीस आणि बग सगळे तिथंच निघतील.

डबल नोंदीचं कारण तुझ्याकडं बहुतेक हे असणार: दाराजवळ रिक्वेस्ट सर्व्हरला पोचते, तिकडं नोंद होते, पण उत्तर परत यायच्या आत जॉबर आत वळतो. फोनच्या दृष्टीनं ती फेल, मग तो परत पाठवणारच आणि पाठवलंच पाहिजे. म्हणून प्रत्येक नोंदीला आयडी फोनवरच दे, क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी नावाचं फंक्शन ब्राउझरमध्येच आहे, आणि आयडी सेव्ह दाबलं तेव्हाच पाडायचा, पाठवताना नाही, नाहीतर दरवेळी नवा आयडी आणि परत तेच रडगाणं. सर्व्हरला त्या कॉलमवर युनिक (एकच आयडी दोनदा येऊ न देणारी अट) लाव. पोस्टग्रेस असेल तर इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (आयडी आधीच असेल तर काही करू नको), आणि आधीच असलेली नोंद परत आली तरी उत्तर यशस्वीच दे. मग तीच नोंद दहादा आली तरी मजुरी एकदाच.

अजून एक, जॉबरचा आकडा चुकला तर जुनी नोंद एडिट करू देऊ नको. दिवाणजी वहीत खाडाखोड न करता खाली दुरुस्तीची ओळ लिहितात ना, तसंच ठेव. दोन फोनवरनं एकाच मागाची नोंद बदलली तर खरी कुठली हा तंटा मग उरत नाही, दोन्ही ओळी दिसतात, दिवाणजी बघून घेतील.


कडक_भाकरी:

बार्शीकरांनी नोंदींचं सांगितलं, मी जुन्या व्हर्जनचं सांगतो कारण त्यात लोक लई फसतात.

नवीन सर्व्हिस वर्कर डाउनलोड होतो, इन्स्टॉल पण होतो, पण जुना वर्कर सांभाळत असलेलं एक जरी पान उघडं असेल तर नवीन वेटिंगमध्ये बसून राहतो. आणि रिफ्रेशनं तो सुटत नाही, कारण नवीन पान येईपर्यंत जुनं पान सुटलेलंच नसतं. जॉबर ॲप कधी बंद करतो का? नाही, फोन खिशात टाकतो. त्यामुळं ते बिचारं वेटिंगमध्येच.

स्किपवेटिंग आणि क्लायंट्स डॉट क्लेम मारलं की नवीन लगेच ताबा घेतं, सगळीकडं तेच सांगतात, पण पान जुन्या जेएसचं आणि मागं वर्कर नवीन अशी खिचडी होऊ शकते. जॉबर अर्धा फॉर्म भरून उभा असताना तर नकोच. त्यापेक्षा वर एक पट्टी दाखव, नवीन व्हर्जन आलंय, इथं दाबा. दाबलं की पानाकडनं वर्करला मेसेज, वर्कर स्किपवेटिंग करेल, कंट्रोलरचेंज इव्हेंट (ताबा बदलल्याची खबर) आला की पान रीलोड. ॲक्टिव्हेटमध्ये (नवीन वर्कर चालू होतो तेव्हा) जुन्या नावाचे कॅश पुसायला विसरू नको, कॅशच्या नावात व्हर्जन ठेवलं की ते सोपं जातं. पुसताना आपल्याच कॅशवर हात टाक, इंडेक्स्डडीबीकडं फिरकायचं पण नाही, तिथं न पाठवलेल्या नोंदी असतात.

सर्व्हिस वर्करची फाइल एनजिनएक्सकडनं (वेब सर्व्हर) किंवा सीडीएनकडनं (मध्ये फाइली साठवून देणारे सर्व्हर) जुनी येत नाही ना ते पण बघ. क्रोम २०१८ पासून, म्हणजे व्हर्जन ६८ पासून, ही फाइल तपासताना स्वतःचा एचटीटीपी कॅश बाजूला ठेवतो, पण मधला सीडीएनच जुनी फाइल देत असेल तर ब्राउझर तरी काय करणार. त्या फाइलला नो-कॅश हेडर दे आणि फाइलचं नाव कधी बदलू नको.

आणि कॅश डॉट ॲडऑल (फाइलींची यादी एकदम कॅशमध्ये भरणारं फंक्शन) सगळं किंवा काहीच नाही अशा हिशोबानं चालतं, यादीतली एक फाइल जरी ४०४ (सापडली नाही) आली तरी पूर्ण इन्स्टॉल फेल. यादीत कुठला तरी जुना लोगो राहून गेला तर नवीन व्हर्जन कधीच येणार नाही आणि तू दिवसभर वेटिंगच्या नावानं शिमगा करत बसशील. आधी तेच बघ.


जुळे_सोलापूरवाला:

बाप रे, ॲडऑलचंच निघालं! यादीत एका आयकॉनच्या नावात स्पेलिंग वेगळं होतं, कन्सोलला लाल ओळ होतीच. धन्यवाद कडक भाकरी.

इंडेक्स्डडीबीचं लिहायला घेतलंय. पण पाठवायचं कधी? नेव्हिगेटर डॉट ऑनलाइन ट्रू झालं की पाठव असं केलं तर शेडच्या दारात ते ट्रूच दाखवतं आणि रिक्वेस्ट लटकून राहते. बॅकग्राउंड सिंक (रेंज आली की ब्राउझरनं मागून पाठवायची सोय) वापरू का?

आणि एक विचारायचं राहिलं, निम्मे कामगार घरी तेलुगू बोलतात, जॉबर पण, त्यामुळं स्क्रीन मराठी आणि तेलुगू दोन्हीत ठेवलाय. गूगल फॉन्ट्स बाहेरनं येतात, ते ऑफलाइन कसे ठेवायचे?


बॅकएंड_बार्शी:

नेव्हिगेटर डॉट ऑनलाइन फॉल्स म्हणालं तर विश्वास ठेव, ट्रू म्हणालं तर ठेवू नको. राउटरला फोन जोडलेला आहे एवढंच त्यातनं कळतं, राउटरच्या पुढं इंटरनेट आहे का याची त्याला खबर नसते. खरी परीक्षा म्हणजे रिक्वेस्ट पाठवून बघणे, आणि तिला वेळेची मर्यादा घाल, ॲबॉर्टकंट्रोलर लावून काही सेकंदात उत्तर नाही तर सोडून दे, नोंद डीबीत आहेच. कामगारांची यादी आणि मागांची यादी आणताना पण तेच, आधी नेटवर्क, ठरलेल्या वेळात नाही आलं तर कॅशमधली. तिथं वर्कबॉक्स (सर्व्हिस वर्करसाठीची तयार लायब्ररी) वापरलास तरी चालेल, त्याच्या नेटवर्कफर्स्टमध्ये टाइमआउटची सोय तयार आहे. नोंदींच्या रांगेचं मात्र हातानंच लिही, तिथं काय चाललंय ते तुला रात्री अकरा वाजता दिवाणजींचा फोन आला तरी सांगता आलं पाहिजे.

बॅकग्राउंड सिंक वापर पण त्याच्यावर विसंबू नको. क्रोममध्ये आहे, सफारीत नाही, फायरफॉक्समध्ये नाही. त्यामुळं ॲप उघडलं, स्क्रीनवर परत आलं, ऑनलाइन इव्हेंट आला, नवीन नोंद सेव्ह झाली, या प्रत्येक वेळी रांग रिकामी करायचा प्रयत्न कर आणि बॅकग्राउंड सिंक मिळालं तर बोनस समज. वर कोपऱ्यात न गेलेल्या नोंदींचा आकडा सतत दिसू दे. जॉबर लोक हुशार असतात, आकडा शून्य होईस्तोवर दारात थांबायची सवय आपोआप लागते.

रांगेतनं नोंद काढायची कधी ते मात्र नीट ठरव. सर्व्हरनं यशस्वी म्हणलं तरच काढ. ४०१ आलं म्हणजे लॉगिन संपलंय, नोंद चांगली आहे, ती तशीच राहू दे आणि लॉगिन माग. ४२२ सारखं काही आलं म्हणजे नोंदीतच गडबड आहे, ती बाजूला काढून लाल रंगात दाखव, नाहीतर ती एकटी रांगेच्या तोंडाशी अडून बसेल आणि मागच्या सगळ्या खोळंबतील.

तारखेचं पण बघून घे. रात्रपाळीची नोंद पहाटे पडते आणि मजुरीत ती आदल्या तारखेला धरतात, आणि सर्व्हरला पोचते सकाळी नऊला. सर्व्हरनं पोचल्याची वेळ हीच तारीख धरली की आठवड्याच्या हिशोबात बोंबाबोंब. पाळी आणि तारीख जॉबरकडनंच निवडून घे, फोनची वेळ आणि सर्व्हरची वेळ दोन्ही वेगळ्या साठव.


कडक_भाकरी:

फॉन्टचं सोपं आहे, टाकूच नको. अँड्रॉइडमध्ये देवनागरी आणि तेलुगूचे नोटो फॉन्ट आधीच असतात, सीएसएसमध्ये सॅन्स-सेरिफ लिहून सोडून दे. उगाच बाहेरनं आणून कॅश केलेस आणि ते ओपेक रिस्पॉन्स (बाहेरच्या साइटचं बंद उत्तर) म्हणून आले तर आत काय आलं ते तुला वाचता येत नाही, एरर आला तरी कळत नाही, वर क्रोम कोट्यात (साइटला दिलेल्या जागेत) अशा प्रत्येकाला काही एमबी फुगवून धरतो. मालकांना सुबक फॉन्टच पाहिजे असला तर वॉफ२ फॉन्ट फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेव.

मालकांच्या पोराच्या आयफोनबद्दल: सफारीत २०२० पासून नियम आहे, सफारी वापरात असताना सात दिवस त्या साइटला हात लावला नाही तर इंडेक्स्डडीबी, कॅश, सर्व्हिस वर्कर सगळं साफ होतं. होम स्क्रीनवर ॲड केलेल्या ॲपला तो नियम तसा लागत नाही. त्यांनी नुसते रिपोर्ट बघायचे असतील तर विसरून जा, नोंदी टाकायच्या असतील तर आधी होम स्क्रीनवर घ्यायला लाव.

अँड्रॉइडवर नेव्हिगेटर डॉट स्टोरेज डॉट पर्सिस्ट मागून ठेव, म्हणजे फोनची जागा संपली तर ब्राउझर परस्पर आपला डेटा उडवत नाही. पण कुणी स्वतः सेटिंगमध्ये जाऊन क्लिअर डेटा दाबलं तर सगळंच जातं, त्याला इलाज नाही. फोन हँग होतोय म्हणून भाचा येऊन सगळं क्लिअर करून देतो असं घरोघरी चालतं, तेव्हा पाळी संपली की आकडा शून्य झालाच पाहिजे हा नियम मालकांकडनं करून घे.


होटगी_रोड_ज्युनियर:

मध्येच विचारतो, सॉरी. माझ्या लॅपटॉपवर लोकलहोस्टला (मशीनचा स्वतःचाच पत्ता) सर्व्हिस वर्कर मस्त चालतोय पण मोबाईलवरनं लॅपटॉपचा वायफायवरचा १९२.१६८ वाला पत्ता उघडला तर रजिस्टरच होत नाही. मोबाईल जुना आहे म्हणून का?


कडक_भाकरी:

मोबाईल बदलायला जाऊ नको बे. सर्व्हिस वर्करला एचटीटीपीएस लागतं, सूट फक्त लोकलहोस्टला आहे, १९२.१६८ ला नाही. वर बार्शीकरांनी सांगितलेलं रँडमयूयूआयडी पण त्या पत्त्यावर मिळणार नाही, त्यालाही तोच नियम. फोन यूएसबीनं जोड, यूएसबी डीबगिंग चालू कर, लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्ट डिव्हायसेसचं पान उघडून पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तुझा पोर्ट टाक. मग फोनवर पण लोकलहोस्टच उघडायचं, चालेल.

आणि ऑफलाइन तपासताना डेव्हटूल्समधल्या ऑफलाइनच्या टिकवर थांबू नको. फोन एअरप्लेन मोडवर टाक, ॲप रीसेंटमधनं उडव, परत उघड, नोंद टाक. ते जमलं की वायफाय चालू ठेवून राउटरची इंटरनेटची वायर तेवढी उपटून बघ, शेडच्या दारात जे होतं ते यातच सापडतं.


पेन्शनर_पार्क_चौक:

वायर उपटायच्या आधी ऑफिसात विचारा म्हणजे झालं. आमच्या वेळी टेलिफोनची उपटली होती एकानं.