साडेतीन लाखांचं टर्नटेबल: पैसे नक्की कशाचे?

पेरूगेट
काल इथे फोरमवर एका सभासदांनी आपल्या साडेतीन लाखांच्या नव्या टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनचं, कौतुक करताना लिहिलं, की लाखाच्या आतल्या मशीनवर भीमसेनजी ऐकणं हा त्यांचा अपमान आहे. हे वाक्य मला झोंबलं. आमच्या वाड्यात निम्मी आळी फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरभोवती बसून त्यांना ऐकायची. त्या सगळ्यांनी अपमान केला का?

एलपीची (मिनिटाला ३३ फेऱ्या घेणारी मोठी रेकॉर्ड) एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. विलंबित कडेच्या खाचांत येतं आणि द्रुतातल्या ताना पार लेबलजवळ. तिथे पिनेखालून रेकॉर्ड सरकण्याचा वेग कडेच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून ऐन रंगात आलेली तान फाटते. त्यावर उपाय बारीक घडणीची पिन आणि अचूक कोनात बसवलेलं कार्ट्रिज, म्हणजे पिन जिच्यात बसते ती डबी. त्याला साडेतीन लाख लागत नाहीत.

षड्जपंचम
तानांचं बोललात, तानपुऱ्याचं विसरलात. मी गाणं शिकते. आमच्या आधीच्या स्वस्त मशीनवर लांबवलेला षड्ज हलायचा. सिनेमाच्या गाण्यात ते कळत नाही, तानपुऱ्याच्या जोडीत लगेच टोचतं. महागड्या मशीनचे पैसे वेग स्थिर ठेवणाऱ्या मोटर आणि बेअरिंगचे असतात. कान तयार नसेल तर ती उधळपट्टी वाटणारच.

पेरूगेट
कानावर जाऊ नका. सूर दर फेरीला, म्हणजे १.८ सेकंदांनी एकदा हलत असेल तर आर्मकडे, म्हणजे पिनेच्या दांड्याकडे, बघा. तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर रेकॉर्डचं भोकच मध्यावर नाही. जुन्या छापाच्या रेकॉर्डमध्ये असं बरंच सापडतं. महागडी मोटर त्याला काय करणार?

कर्वेनगरकर
मोटरवरून आठवलं. मावसभावाने अमेरिकेतून बेल्टवालं जुनं मशीन आणलं. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट केले, तरी काळी एकची बाई खाली उतरून काळी पाचात गायला लागली! व्होल्टेज बदललं तरी आपली वीज ५० हर्ट्झचीच. तिकडच्या ६० हर्ट्झवर चालणारी मोटर ३३ ऐवजी २८च्या आसपास फिरते. तिकडून मागवणाऱ्यांनी आधी मोटर एसी की डीसी ते विचारा.

जुनाबाजार
टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे १९७२चं मशीन. २०१०ला बंद केलं, २०१६ला परत आणलं ते पूर्वीच्या कितीतरी पट किमतीला. आणि माझा खरा राग वेगळाच आहे. बहुतेक महागड्या नव्या मशीनवर फक्त ३३ आणि ४५ फेऱ्यांचे वेग. अब्दुल करीम खाँसाहेब, सवाई गंधर्व सगळे ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डवर. मग आजोबांची पेटीभर रेकॉर्ड वाजवायची कशावर? ७८ला पिनही चौपट रुंद लागते. एलपीची पिन खाचेच्या तळाला घासते आणि खरखर तेवढी ऐकू येते. लोक म्हणतात रेकॉर्ड खराब!

सहकारनगर
खरखर मळामुळे असते. सर्जिकल स्पिरिटने पुसा, लख्ख होतात.

जुनाबाजार
कृपा करून हा सल्ला काढून टाका! ७८ शेलॅकची असते, म्हणजे लाखेची. फ्रेंच पॉलिशवाले लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. एका घरातून आणलेली रेकॉर्ड मी उजेडात तिरकी धरून पाहिली: मधोमध चार बोटांचा धुरकट पट्टा, खाचाच नाहीत. कोणीतरी तुमच्यासारखंच 'लख्ख' केली होती. ते गाणं गेलं. कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं. बस.

सहकारनगर
एवढं अंगावर यायचं कारण नाही. मी वर्षानुवर्षं एलपी पुसतोय, काही झालं नाही.

जुनाबाजार
एलपी व्हिनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची असते. विषय ७८चा चाललाय.

सहकारनगर
बरं, ७८ला लावू नका. झालं समाधान?

कर्वेनगरकर
लेबल कोरडं कसं ठेवता? माझ्याकडे दोन लेबलांची शाई पसरली.

जुनाबाजार
लेबलाएवढ्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या, कडेला रबरी वॉशर, मधून बोल्ट. दोन्ही बाजूंनी आवळायच्या. पाण्यात भिजत मात्र घालू नका.

षड्जपंचम
मूळ मुद्द्यावर या. भोकाचं पटलं, आर्म खरंच झुलतोय. पण तीच रेकॉर्ड गुरुजींकडच्या जड मशीनवर कमी टोचते, कारण आमच्याकडे त्या झोक्यात बेल्टची थरथर मिसळते. ती मोटरचीच.

पेरूगेट
चांगल्या मोटरला पन्नास-साठ हजार मोजणं मान्य. वरचे तीन लाख कशाचे, ते 'अपमान' म्हणणाऱ्या सभासदांनी अजून सांगितलेलं नाही.