नैसर्गिक वायूचा उष्मांक: बॉयलरची कार्यक्षमता १०१ टक्के कशी येते?

नवी_ऑडिटर:
ऊर्जा ऑडिटचं काम शिकतेय. गरम पाण्याच्या एका जुन्या बॉयलरची चाचणी घेतली. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांवर नेलं, म्हणजे पाण्याला २०.९ मेगाज्यूल मिळाले. तेवढ्यात गॅस मीटर ०.६१ घनमीटर पुढे गेला. तक्त्यात उष्मांक (वायू जळून मिळणारी उष्णता) घनमीटरला ३४ मेगाज्यूल दिलाय, म्हणजे आत गेले २०.७. कार्यक्षमता १०१ टक्के! पाणी पुन्हा मोजलं, थर्मामीटर बदलला, तरी तेच. हे अहवालात कसं लिहू?

मीटरखोली:
लिहू नका. पाणी नि थर्मामीटर ठीकच असतील, घोळ गॅसच्या बाजूला आहे. वीस वर्षं गॅसचे मीटर सांभाळतोय. उष्मांकाचा आकडा कुणी दिला की मी आधी तीन गोष्टी विचारतो. ग्रॉस (जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णता धरून) की नेट (ती सोडून)? घनमीटर किती अंशांचा, किती दाबाचा? आणि कोणत्या वायूचा?

तुमचा ३४ हा शुद्ध मिथेनचा नेट आकडा आहे, १५ अंश आणि १०१३ मिलिबारच्या घनमीटरचा. त्याच घनमीटरचा ग्रॉस ३७.७ येतो. शून्य अंशाचा घनमीटर धरला तर ग्रॉस ३९.८, कारण थंड घनमीटरात वायू जास्त मावतो. तिन्ही आकडे बरोबर, पण एकाच्या जागी दुसरा घातला की हिशेब बिघडला.

पुरवठादाराकडून गॅस क्रोमॅटोग्राफचा (वायूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) ताजा अहवाल मागवा. आणि मीटरजवळचा दाब नि तापमान पाहून इथे लिहा.

जेट_नंबर_दोन:
मी बर्नर लावतो, म्हणून एक भर घालतो. अहवालात वोब निर्देशांकही बघा: उष्मांक भागिले सापेक्ष (हवेच्या तुलनेतल्या) घनतेचं वर्गमूळ. तेवढ्याच दाबाखाली जेटमधून (बर्नरच्या बारीक छिद्रातून) किती ऊर्जा जाईल ते यावरून कळतं. उष्मांक वाढला तरी वायू जड झाला तर ज्योतीत फारसा फरक पडत नाही.

नवी_ऑडिटर:
अहवाल मिळाला. मिथेन ९२ टक्के, इथेन ५, प्रोपेन १.५, बाकी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. १५ अंशांच्या घनमीटरला ग्रॉस ३९.४, नेट ३५.६. मीटरपाशी गेज दाब (हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा) १०० मिलिबार, वायू २५ अंश. मीटरला करेक्टर (दाब-तापमानानुसार आकडा सुधारणारं उपकरण) नाही.

मीटरखोली:
करेक्टर नाही, इथेच सापडलं! मीटर जागा मोजतो, त्या जागेत किती वायू कोंबलाय हे त्याला कळत नाही. दाबाचा गुणक १११३ भागिले १०१३, म्हणजे १.०९९. तापमानाचा (केल्विनमध्ये, म्हणजे अंशांत २७३ मिळवून) २८८ भागिले २९८, म्हणजे ०.९६६. दोन्ही मिळून १.०६. तुमचे ०.६१ प्रत्यक्षात ०.६४८ प्रमाणित (१५ अंश, १०१३ मिलिबारचे) घनमीटर होते. (१०१३ समुद्रसपाटीचा धरलाय. जागा उंचावर असेल तर दर १०० मीटरला साधारण १२ मिलिबार कमी करा.)

आता ग्रॉसने २५.५ मेगाज्यूल आत गेले, कार्यक्षमता ८२ टक्के. नेटने २३.१, म्हणजे ९१ टक्के. जुन्या बॉयलरला हे शोभतं.

ग्रॉस आणि नेटमधला हा फरक पाण्याचा आहे. एक किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन चिमणीतून जातं. त्या वाफेतली उष्णता ग्रॉसमध्ये धरतात, नेटमध्ये सोडतात. म्हणून वाफेचं पाणी करून ती उष्णता परत घेणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरची कार्यक्षमता नेटवर मोजली तर १०० च्या वर जाऊ शकते. तुमचा तसा नाही, म्हणून १०१ पाहून थांबलात हे फार बरं केलंत.

आणि चाचणी लांबवा. मीटरचा शेवटचा आकडा ०.०१ चा असेल तर ०.६१ मध्ये दीड टक्क्याची चूक सहज राहते. पाच-सहा घनमीटर जाऊ द्या.

नवी_ऑडिटर:
आज १००० लिटरवर चाचणी घेतली, मीटर ६.१८ सरकला. दाब-तापमान तेच. ग्रॉसवर ८१ टक्के. अहवालात आकड्याशेजारी "ग्रॉस, १५ अंश, १०१३ मिलिबार" असं लिहिलं. आता फ्लू गॅसचं (चिमणीतून जाणाऱ्या वायूंचं) तापमान मोजायचंय. उरलेल्या १९ टक्क्यांतलं चिमणीतून किती जातंय ते शोधते.