चित्र लॅमिनेट करू नका

एका पालकांनी लिहिलंय की मुलीने चित्रकलाच करायची ठरवल्यावर तिचं चारकोलचं (चित्रकलेच्या कोळशाने काढलेलं) पोर्ट्रेट लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवताना ऊर भरून येतो. भिंतीवर लावाच, तिलाही त्याने बळ मिळतं. पण लॅमिनेशन नको. गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं आणि चारकोलची भुकटी त्याखाली फासली जाते. उद्या मूळ चित्र प्रदर्शनात द्यायचं म्हटलं तर ते उरलेलंच नसतं. त्याऐवजी फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) मारा: साधारण ३० सेंमी लांबून, दोन-तीन हलके थर, प्रत्येक थर वाळू देऊन. एकदम जाड मारलं की डाग पडतात. मग फ्रेम. काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लरहित माउंट बोर्ड (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच. काच टेकली की दमट हवेत कागद तिला चिकटतो. जलरंग असतील तर उन्हाची भिंत टाळा, काही गुलाबी-जांभळे रंग फार लवकर उडतात.

आणि हे सगळं फ्रेम करायच्या आधी: चित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून ठेवा, पोर्टफोलिओला, म्हणजे निवडक कामांच्या संचाला, तेच लागतं. स्कॅनरपेक्षा मोठं असेल तर फोटो काढा: फ्लॅश बंद, खिडकीचा मंद उजेड, कॅमेरा कागदाला अगदी समांतर. जरा कलला तरी चौकट तिरकी येते. मागच्या कोपऱ्यात साल, माध्यम आणि माप मऊ पेन्सिलीने तिलाच लिहू द्या. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.