राजनैतिक, राजनयिक की मुत्सद्दी?

शाईदौत:
एका दिवाळी अंकासाठी एस. जयशंकर यांच्यावरचा इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. ३० मे २०१९ला त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली आणि ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा मागे काय होतं आणि पुढ्यात काय वाढून ठेवलं होतं, असा विषय. पहिल्याच वाक्याला अडले. लेखक म्हणतो, हा माणूस आयुष्यभर 'डिप्लोमॅट' होता, 'पॉलिटिशियन' कधीच नव्हता. मी लिहिलं, "ते राजनैतिक अधिकारी होते, राजकीय नेते नव्हते." संपादकांनी 'राजनैतिक' खोडून 'राजनयिक' केलं. म्हणाले, वाचकाला राजनैतिक आणि राजकीय एकच वाटतं. मी तर लहानपणापासून पेपरात 'राजनैतिक संबंध तोडले' असंच वाचत आले. कोण बरोबर?

खडूफळा:
तुम्हीच. मराठीत राजकीय म्हणजे राजकारणाचं आणि राजनैतिक म्हणजे दोन राष्ट्रांतल्या व्यवहाराचं. हिंदीत राजनीती म्हणजेच राजकारण, त्यामुळे तिथलं राजनैतिक म्हणजे आपलं राजकीय. मग डिप्लोमसीसाठी त्यांनी 'राजनय' घेतला. आपल्याला ती अडचण नव्हतीच. हिंदी बातम्या ऐकून आपण आपला चालता शब्द मोडीत काढतोय, 'परराष्ट्रमंत्री' सोडून 'विदेशमंत्री' म्हणतो तसंच. मला हे फार लागतं.

सराफा:
मी इंदूरची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मला 'राजनैतिक' वाचलं की निवडणूकच दिसते. आम्हीही मराठी वाचकच आहोत ना? आणि 'राजनय' संस्कृत आहे. हिंदीने आधी वापरला म्हणून तो विटाळला का?

जुनी_पेठ:
दोन्ही सोडा, ताई, 'मुत्सद्दी' लिहा. १९७७ साली परराष्ट्र सेवेत आलेला माणूस. मॉस्को, कोलंबो, बुडापेस्ट, टोकियो. मग प्रागला राजदूत, सिंगापूरला उच्चायुक्त, बीजिंगला २००९ ते २०१३, तिथून वॉशिंग्टन. २०१५ ते २०१८ परराष्ट्र सचिव. २०१७त डोकलामला ७३ दिवस भारत-चीनच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या तेव्हा सचिव हेच. 'अधिकारी' म्हटलं की नुसत्या फायली दिसतात. 'मुत्सद्दी' म्हटलं की माणूस दिसतो.

कडुलिंब:
आमच्या वर्ध्याकडे हा शब्द कौतुकाचा नाही, काका. आजी एका नातेवाइकाबद्दल म्हणायची, "तो मोठा मुत्सद्दी आहे, त्याच्यापुढे जमिनीचा विषय काढू नको." म्हणजे आतल्या गाठीचा. माझे वडील तर 'मति-सिद्धी'पासून मुत्सद्दी झालं असं सांगत. मला अजून ते पटतं.

सराफा:
आणि आमच्याकडे पेढीवरचा हिशेब लिहिणारा तो मुत्सद्दी! परराष्ट्रमंत्र्याला मुनीम करून ठेवाल.

खडूफळा:
'मति-सिद्धी' नाही हो. शब्द अरबी आहे, मुतसद्दी. कामाला पुढे होणारा, कारभार अंगावर घेणारा. मोगलाईत सुरत बंदराचा मुख्य अधिकारी मुतसद्दी. मारवाडात दरबारी कारभाऱ्यांचा अख्खा वर्गच मुत्सद्दी म्हणवला जाई. हिंदीत तो घसरत कारकुनापर्यंत आला, मराठीत मात्र चढत गेला. आजीचा अर्थ त्याच चढणीवरचा आहे: डाव ओळखणारा. डाव आपल्यावर उलटला की तोच माणूस धूर्त वाटतो.

जुनी_पेठ:
म्हणून तर नाना फडणवीस मुत्सद्दी. साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, नाना अर्धे. का, तर तलवारीचं अंग नाही. मुत्सद्द्याकडे तलवार नसते, हेच त्या शब्दाचं बळ आहे.

गोमुखी:
अरबी शब्दाचा एवढा आग्रह का? १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी डबीर जाऊन सुमंत आला. परराज्यांशी व्यवहार बघणारा प्रधान तो. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आज नको?

खडूफळा:
सुमंत आला, पण दिल्ली दरबारातले पेशव्यांचे दूत हिंगणे 'वकील'च राहिले. त्या शब्दाला कुणी हात लावला नाही. तो पुढे आपला आपण कोर्टात गेला. शब्द हुकमाने जात नाहीत.

भरती_ओहोटी:
लंडनहून लिहितोय. इथला 'फॉरेन सेक्रेटरी' म्हणजे मंत्री. जुलै २०१९मध्ये डॉमिनिक राब नेमले गेले तेव्हा एका मराठी बातमीत 'नवे परराष्ट्र सचिव' वाचलं. अमेरिकेचंही तेच, जून २०१९मध्ये दिल्लीत आलेले पॉम्पिओ 'सेक्रेटरी', पण आपल्या भाषेत परराष्ट्रमंत्री. तुमच्या लेखात हे जपा, कारण जयशंकर खरोखरचे सचिवही होते. सचिव राहून मग मंत्री झालेले ते पहिलेच. नटवर सिंहही सेवेतलेच, पण परराष्ट्र सचिव झाले नव्हते.

शाईदौत:
हे मोलाचं आहे, जपते. पण माझं वाक्य अजून तिथेच आहे. लेखाचा सगळा जीव या दोन शब्दांतल्या अंतरावर आहे. शपथेच्या आठवड्यातच, ५ जूनला, अमेरिकेने भारताची व्यापार सवलत काढली. रशियाशी एस-४०० या क्षेपणास्त्र यंत्रणेचा करार आदल्या ऑक्टोबरात झालेला, त्यावर अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार. इराणचं तेल मे महिन्यापासून बंद. हे सगळं त्यांच्या सवयीचं होतं. सवयीचं नव्हतं ते वेगळंच: ते खासदार नव्हते. सहा महिन्यांत संसदेत यायचं होतं, जुलैत गुजरातमधून राज्यसभेवर आले. राजनैतिक माणसाने राजकीय व्हायचं, हेच पहिलं आव्हान. इथे 'मुत्सद्दी' घातला तर अंतरच पुसलं जातं, कारण मुत्सद्दी राजकारणीही असतो.

कडुलिंब:
'आव्हान' की 'आह्वान', ताई? आमचे मास्तर 'आव्हान' लिहिलं की खाली लाल रेघ ओढत.

खडूफळा:
मराठीत आव्हानच. जिह्वाची जिव्हा झाली, विह्वलचं विव्हल झालं, तसंच हे. मास्तर संस्कृत तपासत होते.

गोमुखी:
मग संस्कृतात चूक आणि मराठीत बरोबर, असं एकाच शब्दाचं कसं चालेल? मूळ रूप तेच शुद्ध.

सराफा:
आणि आमच्याकडे 'आह्वान' म्हणजे तुमचं आवाहन! आव्हानाला आम्ही 'चुनौती' म्हणतो. लेखाच्या मथळ्यात 'आह्वान' वाचलं तर मला वाटेल, मंत्रिमहोदय कुणाला तरी विनंती करतायत.

जुनी_पेठ:
आव्हान-आवाहनासाठी वेगळा धागा काढा कुणीतरी. माझ्याकडे त्यावर पत्रिकांमधली बरीच उदाहरणं आहेत.