मत्स्यालयात, म्हणजे पाणवनस्पतींच्या काचेच्या टाकीत, निष्क्रिय (पाण्यात काही न सोडणारी) काळी वाळू वापरावी का?

प्रश्न (पाणवेल, पुणे): ६० × ३० सेंटिमीटर तळाच्या टाकीत क्रिप्टोकोरीन, ॲमेझॉन सोर्ड, ॲनुबियस आणि थोडे रोटाला या पाणवनस्पती लावण्याचा विचार आहे. ॲक्वासॉइल (मत्स्यालयासाठी बनवलेली पोषक दाणेदार माती) महाग पडते, शिवाय आमच्या बोअरवेलचे पाणी बरेच क्षारयुक्त आहे. त्याऐवजी निव्वळ काळी वाळू घातल्यास झाडे जगतील का? वाळू किती लागेल? कोकणात किनाऱ्यावर काळी वाळू मिळते, ती चालेल का?

उत्तर (शेवाळे): झाडे उत्तम जगतील, मात्र अशा वाळूत पोषणद्रव्ये नसतात आणि पाण्यातली पोषणद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमताही जवळपास नसते, त्यामुळे खत आपणच द्यावे लागते. सोर्ड आणि क्रिप्टोकोरीन मुळांवाटे भरपूर खातात. त्यांच्या मुळांशी रूट टॅब (खताच्या गोळ्या) खोचावेत आणि दोन-तीन महिन्यांनी नवे घालावेत. रोटालाला पाण्यात विरघळणारे खत पुरते. ॲनुबियस तर वाळूत पुरूच नये, कारण त्याचे आडवे खोड गाडले गेले की कुजते; ते लाकडाला किंवा दगडाला बांधावे. ॲक्वासॉइल पाण्याचा सामू (pH) आणि कार्बोनेट क्षारता (KH, म्हणजे विरघळलेल्या बायकार्बोनेटचे प्रमाण) खाली ओढते, पण क्षारयुक्त पाण्यात तिचा हा गुण लवकर संपतो, म्हणून तुमच्या बाबतीत ती न घेण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. सरासरी पाच सेंटिमीटरचा थर धरल्यास नऊ लिटर, म्हणजे अंदाजे चौदा किलो वाळू लागेल. दाणा एक ते दोन मिलिमीटरचा असावा, कारण फार बारीक वाळूचा जाड थर घट्ट बसतो, तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

उत्तर (खाडीकाठ): किनाऱ्यावरची वाळू आणू नये. रत्नागिरीच्या बाजूच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट (लोह व टायटॅनियमचे खनिज) असते, त्याने झाडांचे काही बिघडत नाही. अडचण त्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, कारण तो हळूहळू विरघळून आधीच क्षारयुक्त असलेले पाणी आणखी क्षारयुक्त करतो. परवानगीशिवाय ती उचलणे कायद्यातही बसत नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडाची (बेसाल्टची) क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चाळून व धुऊन वापरता येते, पण बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट (चुन्याचे खनिज) सापडते, त्यामुळे वाळू कोणतीही असो, मूठभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर ओतून फेस येतो का ते पाहावे; फेस आला तर वाळूत चुना आहे. व्हिनेगर सौम्य असल्याने बारीक बुडबुडेही नीट न्याहाळावेत. क्रश सँडचे दाणे टोकदार असतात. कोरिडोरास (तळाशी चरणारे छोटे मासे) पाळणार असाल तर त्यांच्या मिशा झिजू शकतात, त्यांच्यासाठी गोल दाण्याचीच वाळू घ्यावी.

उत्तर (लोहचुंबक): दोन गोष्टींची भर घालतो. परदेशी व्हिडिओंत सँडब्लास्टिंगची (जोराने रेव मारून पृष्ठभाग साफ करण्याच्या कामाची) स्वस्त काळी रेव सर्रास वापरलेली दिसते, पण ती बहुधा कोळशाच्या राखेपासून बनलेली असते. आपल्याकडे त्याच कामासाठी तांब्याचा स्लॅगही (धातू गाळताना उरणारी मळी) विकला जातो आणि त्यात तांब्याचा अंश राहू शकतो, जो कोळंबी व गोगलगायींना घातक आहे. विक्रेता खात्री देत नसेल तर ती रेव घेऊच नये. दुसरे असे, की बेसाल्टच्या वाळूत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. काच पुसण्याचा चुंबक तळाजवळ नेला की ते त्याला चिकटतात आणि काचेवर ओरखडे उठतात. तळालगतची दोन बोटे काच स्पंजने हातानेच पुसावी.