उजेड झिरपतोय, तर सील बदलावं की राहू द्यावं?

रोल३६: जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाचा उजेड अडवणारा फोम, म्हणजे सील, कुजला की फोटोवर नारिंगी-लाल पट्टे येतात. बरेच जण म्हणतात, लगेच दुरुस्त करा. मी म्हणेन, राहू द्या. झाकणाच्या फटीतून शिरलेला उजेड फिल्मच्या पाठीमागून येतो आणि त्या बाजूने त्याला आधी लाल रंग टिपणारा थर लागतो. म्हणून तो पट्टा इतका ऊबदार दिसतो. फ्रेम उन्हात किती वेळ थांबली यावर त्याची रुंदी ठरते. फोनवर फोटो दिसायच्या आधीच सुधारून येतो, इथे उजेड स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून जातो.

फिक्सर: अजिबात पटत नाही. फट जागची हलत नाही, त्यामुळे पट्टा जवळपास प्रत्येक फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात येतो. दहाव्या फोटोपर्यंत तो शिक्का होतो. शिवाय कुजलेल्या फोमचा चिकट भुगा फिल्मवर पडतो. तेवढ्या जागी उजेड पोहोचत नाही आणि प्रिंटवर काळे ठिपके उमटतात. भुगा शटरच्या पात्यांना चिकटला तर कॅमेराच अडकतो. लाकडी काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना फोम खरवडा, बिजागरीपाशी साधारण दीड-दोन मिलिमीटरचा नवा फोम लावा. झाकण बसतं त्या खाचेत काळी लोकरही चालते.

पट्टा हवाच असेल तर रोल मध्यावर असताना मंद उजेडात झाकण क्षणभर उघडून मिटा. काढून झालेल्या, रिळावर गुंडाळलेल्या फ्रेमपैकी बाहेरच्या वेढ्यांतल्या जळतील, आतल्या बऱ्याचशा वाचतील, डबीतल्या कोऱ्या तर सुरक्षितच.

शिळा_रोल: दोघंही झाकणापाशीच अडकलात. मुदत संपलेल्या रोलचं काय? तिथे गंमत आहे, पण एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला मिळणारा उजेड, सांभाळलं तरच. साध्या खोलीत पडून राहिलेल्या कलर निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या, म्हणजे वीस वर्षं जुना ISO २०० चा रोल कॅमेऱ्यात ५० वर लावा. कमी दिलंत तर सावल्या हिरवट, चिखलासारख्या होतात, त्यात पाहण्यासारखं काही उरत नाही. डबल एक्स्पोजरचंही, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन फोटो काढण्याचंही, तेच. दोन्ही वेळा एकेक स्टॉप कमी ठेवा आणि पहिल्या चित्रात गडद जागा सोडा, कारण दुसरं चित्र तिथेच उठतं.

रोल३६: भुग्याचा मुद्दा मान्य, कुजका फोम काढायलाच हवा. पण डबल एक्स्पोजरमध्ये दुसरं चित्र नेमकं कुठे बसेल हे शटर दाबताना दिसत नाही. मी त्याच न दिसण्याच्या बाजूने बोलतोय.

फिक्सर: त्याला माझा विरोध नाही. फक्त पट्टा आला की आधी निगेटिव्ह हातात घेऊन फिल्मच्या काठावरच्या छिद्रांची कड पाहा. डाग छिद्रांपर्यंत गेला असेल तर झाकण गळतंय. फ्रेमच्या चौकटीतच थांबला असेल तर उजेड पुढून, लेन्स किंवा शटरकडून येतोय. मग फोम बदलून काही होणार नाही.